हवामान बदल : भीती किती, उपाय किती?

कपाशीच्या शेतात पहिली अळी दिसली की गावात दोन प्रकारचे शेतकरी पाहावयास मिळतात. एक जण त्याच संध्याकाळी दुकानदार देईल ते औषध आणतो आणि पंप पाठीवर घेतो. दुसरा "दरवर्षी असेच असते" असे म्हणून बांधावरूनच परत फिरतो. पहिल्याचा खर्च वाया जातो, मित्रकीटक मरतात आणि पुढे पांढरी माशी वाढते. दुसऱ्याचे बोंड पोखरले जाते. नुकसान दोघांचेही होते. म्हणूनच कीड नियंत्रणात आर्थिक नुकसानीची पातळी ठरविलेली असते. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडल्यास किंवा फुले-बोंडांमध्ये १० टक्के प्रादुर्भाव आढळल्यास फवारणीचा निर्णय घ्यावा, अशी शिफारस आहे. अळी दिसली की सावध व्हावे, मात्र फवारणी मोजणी करूनच ठरवावी.

शेतकरी बंधूंनो, हवामान बदलाच्या प्रश्नावर जगातील सरकारांपुढेही आज हीच अडचण आहे. "प्रलय जवळ आला" असे एक पक्ष सांगतो, तर "हे सारे थोतांड आहे" असे दुसरा सांगतो. या दोन आवाजांच्या गोंधळात जे निर्णय होतात, त्यांचा भार अखेर शेतीवर येतो. इशारा दुर्लक्षिला तरी पीक शेतकऱ्याचेच जाते आणि घाईने नियम झाले तरी खर्च त्याच्याच माथी बसतो. म्हणून भीती राजकारणाला कशी वळण देते, ती केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा उलटते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

धोका खरा आहे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. तापमानवाढ ही अफवा नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साईडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० भागांच्या वर गेले आहे. दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांचे ज्वलन हे त्याचे मुख्य कारण होय. २०११ ते २०२० या दशकाचे जागतिक सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून २०२४ हे सर्वाधिक उष्ण वर्ष ठरले.

आपल्या भागापुरते बोलावयाचे तर पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतर संशोधकांसह २०१७ मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. पावसाचे खंड आणि मुसळधार सरी यांचा अनुभव आपणही घेत आहोत. त्यामुळे बांधावरून परत फिरणाऱ्या शेतकऱ्यासारखी बेफिकिरी परवडणारी नाही.

हा प्रश्न राजकारणात कसा आला?

हवेतील कार्बन डायऑक्साईडमुळे पृथ्वी तापू शकते, हे शास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. परंतु राज्यकर्त्यांचे लक्ष त्याकडे वेधले गेले ते १९८८ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत तीव्र दुष्काळ पडला होता आणि मक्याचे उत्पादन मोठ्या प्रमाणात घटले होते. २३ जून १९८८ रोजी, कडक उन्हाळ्यात, जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञाने तेथील सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. पृथ्वी तापत आहे याची आपल्याला ९९ टक्के खात्री आहे, असे त्यांनी सांगितले. बाहेर शेते करपत असताना दिलेली ही साक्ष वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी मिळून हवामान बदलाचा अभ्यास करणारे आंतरशासकीय मंडळ स्थापन केले. ते आज आयपीसीसी या नावाने ओळखले जाते. १९९२ मध्ये रिओ दि जानेरो येथे हवामान करार झाला.

यावरून भीतीचा पहिला उपयोग ध्यानात येतो. आकडे वर्षानुवर्षे कागदावर पडून राहतात. संकट डोळ्यांसमोर दिसले की निर्णय घेणारे जागे होतात.

भीतीतून चांगले काम झाल्याची उदाहरणे

१) ओझोनचा थर : १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर विरळ होत असल्याचे दाखवून दिले. शीतकपाटे व फवाऱ्याचे डबे यांत वापरले जाणारे वायू त्यास कारणीभूत होते. त्वचेच्या कर्करोगाची भीती जगभर पसरली. अवघ्या दोन वर्षांत, सप्टेंबर १९८७ मध्ये, मॉन्ट्रियल करार झाला. येथे केवळ भीती घालून काम भागविले नव्हते. कोणते वायू बंद करावयाचे हे ठरले, पर्यायी वायू तयार होऊ लागले, विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत मिळाली आणि १९९० मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र निधी उभारण्याचे ठरले. भारत १९९२ मध्ये या करारात सामील झाला. ओझोनचा थर आता हळूहळू भरून येत आहे.

२) ओडिशातील चक्रीवादळे : २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले व सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्या राज्याने आपत्ती व्यवस्थापनाची स्वतंत्र यंत्रणा उभारली. निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले आणि इशारा शेवटच्या घरापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था केली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन वादळाच्या वेळी सुमारे १० लाख लोकांना आणि मे २०१९ मध्ये फनी वादळाच्या वेळी सुमारे १२ लाख लोकांना आधीच हलविण्यात आले. या दोन्ही वादळांत ओडिशातील मृत्यूंची संख्या शंभराच्या आत राहिली. समुद्र तोच होता, वादळेही प्रचंड होती. फरक पूर्वतयारीचा होता.

३) महाराष्ट्राची रोजगार हमी योजना : १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. खडी फोडण्याच्या कामांवर लाखो लोक गेले. या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने, मागेल त्याला काम देणारी योजना आकारास आली व १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी शहरांतील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. गावातील उपासमारीची झळ शहराला पटली आणि त्याने पैसा दिला. पुढे २००५ मध्ये देशपातळीवर असाच कायदा झाला.

या तिन्ही उदाहरणांत चार गोष्टी समान आहेत. धोका नेमका सांगितला गेला. उपाय माणसाच्या आवाक्यातील होता. खर्च कोण करणार हे ठरले होते. आणि काम झाले की नाही हे मोजता येत होते.

भीती उलटल्याची उदाहरणे

१) एका भीतीपुढे दुसरी भीती : १९९७ मध्ये क्योटो येथे विकसित देशांनी वायूंचे उत्सर्जन कमी करावे असा करार झाला. परंतु त्याच वर्षी जुलै महिन्यात अमेरिकेच्या सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला होता. विकसनशील देशांवर बंधन नसेल किंवा अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेला गंभीर हानी होणार असेल, तर अशा करारावर सही करू नये, असा त्याचा आशय होता. म्हणजे पन्नास वर्षांनंतरच्या पुराच्या भीतीसमोर उद्याच्या बेरोजगारीची भीती उभी राहिली आणि जवळची भीती जिंकली. २००१ मध्ये अमेरिकेने क्योटो कराराकडे पाठ फिरविली. जानेवारी २०२५ मध्ये पॅरिस करारातून बाहेर पडण्याचा आदेश तेथील अध्यक्षांनी दुसऱ्यांदा काढला, त्यामागेही अर्थव्यवस्थेवरील भाराचेच कारण पुढे करण्यात आले.

२) अतिशयोक्ती व तुटलेला विश्वास : आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, असे एक विधान होते. गंगा-सिंधूच्या पाण्यावर जगणाऱ्या कोट्यवधी शेतकऱ्यांच्या दृष्टीने हे विधान भयंकर होते. परंतु त्यास पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता. नोव्हेंबर २००९ मध्ये भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा चर्चा-निबंध प्रसिद्ध केला व या विषयावर वाद सुरू झाला. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने चूक मान्य करून खेद व्यक्त केला. हिमनद्या वितळत आहेत ही गोष्ट आजही खरी आहे. पण एका चुकीच्या वर्षामुळे हजार पानांच्या खऱ्या माहितीवर शंका घेण्याची संधी विरोधकांना मिळाली. पेरणीच्या वेळी एकदा खोटा ठरलेला अंदाज शेतकरी पुढची तीन वर्षे विसरत नाही, तसेच हे झाले.

३) "शेवटची संधी" : डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगन येथे भरलेल्या परिषदेचे वर्णन जग वाचविण्याची शेवटची संधी असे केले जात होते. परिषद बंधनकारक कराराविना संपली व मोठी निराशा पसरली. प्रत्यक्षात २०१५ मध्ये पॅरिस येथे करार झालाच. ऑक्टोबर २०१८ च्या आयपीसीसी अहवालात असे म्हटले होते की, वाढ दीड अंशावर रोखावयाची असेल तर २०३० पर्यंत कार्बन डायऑक्साईडचे निव्वळ उत्सर्जन २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी व्हावयास हवे. लोकांपर्यंत मात्र "आता फक्त बारा वर्षे उरली" एवढेच पोहोचले. अशा मुदतीचा तोटा असा की ती उलटल्यावर "आता काही उपयोग नाही" किंवा "काहीच तर झाले नाही" असे म्हणणारे वाढतात. वस्तुस्थिती निराळी आहे. २०२४ या एका वर्षाची सरासरी दीड अंशाच्या वर गेली, म्हणून पॅरिसची मर्यादा कायमची ओलांडली असे होत नाही, कारण ती मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीवर पाहावयाची असते. शिवाय दीडपेक्षा १.६ वाईट आणि १.६ पेक्षा १.७ अधिक वाईट, असा हा चढ आहे. पाण्याची एक पाळी चुकली म्हणून शहाणा शेतकरी पीक सोडून देत नाही. पुढची पाळी तो अधिक काळजीने देतो.

४) खर्चाचा भार चुकीच्या खांद्यावर : फ्रान्समध्ये हवामानाच्या नावाने इंधनावरील कर वाढविण्याचे ठरले. शहरात रेल्वे आहे, पण खेड्यात मोटारीशिवाय चालत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटे घातलेले हजारो लोक रस्त्यावर उतरले. तुम्हाला जगाच्या अखेरीची चिंता, आम्हाला महिनाअखेरीची, असा त्यांच्या तक्रारीचा रोख होता. डिसेंबरमध्ये सरकारला ती करवाढ मागे घ्यावी लागली. संकट कितीही मोठे असले तरी त्याचा खर्च दुबळ्यावर टाकला की लोक उपायाच्याच विरोधात जातात.

भारतीय शेतकऱ्याचा संबंध

जागतिक चर्चेत शेतीचे नाव आता वारंवार येते. जनावरांच्या रवंथातून व पाणी साचलेल्या भातखाचरांतून मिथेन वायू बाहेर पडतो. २०२१ मध्ये ग्लासगो येथे अनेक देशांनी २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी कमी करण्याची प्रतिज्ञा केली. भारत तीत सामील झाला नाही. आपल्याकडील दोन-चार जनावरे व एक-दोन एकर भात हे लहान शेतकऱ्याच्या पोटापाण्याचे साधन आहे, ही भूमिका त्यामागे आहे. याचा अर्थ मिथेन कमी करण्याचे प्रयत्न करूच नयेत असा नव्हे. संतुलित पशुआहार व भातात आलटून-पालटून पाणी देणे यांमुळे मिथेन घटतो आणि दूध वाढणे किंवा पाणी वाचणे हा शेतकऱ्याचा फायदाही होऊ शकतो. असे उपाय सक्तीपेक्षा प्रात्यक्षिकाने लवकर पसरतात.

दुसरा प्रश्न पैशाचा आहे. हवेतील साठलेल्या वायूंत मोठा वाटा श्रीमंत देशांचा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत दरवर्षी ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे ठरले. ही रक्कम गरजेच्या मानाने फार अपुरी असल्याचा आक्षेप भारताने तेथेच नोंदविला. संकटाची भाषणे सर्वच देश करतात. परंतु कोण किती देणार हे ठरविण्याची वेळ आली की आवाज खाली येतो. भाषण खरे की पोकळ, हे ओळखण्याची ही सोपी कसोटी होय.

इशारा ऐकताना विचारावयाचे प्रश्न

वर्तमानपत्रात, सभेत किंवा भ्रमणध्वनीवर हवामानाचा मोठा इशारा आला तर पुढील प्रश्न स्वतःस विचारावेत.

१) धोका कोणता, कोणत्या भागात व किती काळात? "शेती संपणार" हे विधान निरुपयोगी आहे. "फुलोऱ्याच्या काळात पावसाचा खंड पडण्याची शक्यता" हे उपयोगी आहे.

२) आकड्याबरोबर त्याची खात्री किंवा शक्यता सांगितली आहे काय? प्रामाणिक शास्त्रज्ञ बहुधा एकच आकडा न सांगता कमीत कमी व जास्तीत जास्त असा पल्ला सांगतो.

३) सांगणाऱ्यास काही विकावयाचे आहे काय? भीतीपाठोपाठ औषध, बियाणे किंवा यंत्र पुढे आले तर विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी सहायक यांच्याकडे खात्री करून घ्यावी.

४) उपायाचा खर्च कोणावर पडतो व मदत कोण देणार?

५) सांगितलेले संकट आले नाही तरी हा उपाय फायद्याचा ठरेल काय? याचे उत्तर होकारार्थी असल्यास फार वाट पाहू नये.

गावपातळीवर काय करावे?

पाचव्या प्रश्नाच्या कसोटीस उतरणारी कामे आपल्या हातात आहेत. सोयाबीनची पेरणी रुंद वरंबा सरी पद्धतीने केल्यास पावसाच्या खंडात ओल टिकते आणि अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जाते. कोरडवाहू क्षेत्रात तुरीसारखे आंतरपीक घ्यावे, म्हणजे एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये. दुबार पेरणीचा मोठा खर्च पहिल्या सरीच्या मोहातून होतो. शेततळे, बांधबंदिस्ती व सेंद्रिय पदार्थांचा वापर यांचा लाभ चांगल्या वर्षीही मिळतो.

राजकीय बाजूनेही गावाने हेच धोरण ठेवावे. निवडणुकीच्या वेळी "दुष्काळमुक्ती" किंवा "हवामान संकट" यांवर भाषणे होतील. ग्रामसभेत मात्र नेमक्या मागण्या मांडाव्यात : आपल्या महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्र चालू स्थितीत आहे काय? त्याची पर्जन्यनोंद गावाला नियमित कळते काय? पीक विम्याचे निकष व तक्रारीची मुदत सर्वांना माहीत आहे काय? ओढ्या-नाल्यांतील अडथळे पावसाळ्यापूर्वी काढले काय? वीज पडण्याचा किंवा पुराचा इशारा शेतातील मजुरापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणाकडे आहे? यांतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नेमके देता येते. म्हणून त्यावर पदाधिकाऱ्यांना जाब विचारता येतो. प्रलयाच्या भाषणावर कोणालाच जाब विचारता येत नाही.

शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात साधे पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद करावी व ती फलकावर लिहावी. पाच-दहा वर्षांच्या अशा नोंदी हाती असल्या म्हणजे "पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही" हे विधान नेमके किती खरे आहे, हे गावाला स्वतःच सांगता येईल. अधिकाऱ्यांपुढेही त्या नोंदींना वजन राहील.

सारांश

हवामान बदल ही खरी व वाढत जाणारी अडचण आहे. तिच्याविषयी वाटणारी भीती गैर नाही, कारण भीतीशिवाय मॉन्ट्रियलचा करार, ओडिशाचे निवारे किंवा आपली रोजगार हमी योजना यांना गती मिळाली नसती. परंतु या कामांत भीतीनंतर मोजणी झाली, उपाय ठरला आणि खर्चाची वाटणी झाली. जेथे नुसतीच भीती वाढविली गेली, तेथे अविश्वास, घाई किंवा हताशा वाढली. म्हणून इशाऱ्याकडे पाठ फिरवू नये आणि त्याच्यामागे धावतही सुटू नये. सापळा लावावा, पतंग मोजावेत, नोंद ठेवावी, मगच पंप उचलावा. येत्या मृग नक्षत्रापूर्वी गावात एक पर्जन्यमापक बसवून या कामास सुरुवात करावी.